उत्तर: गोल्फ मैदान राखणाऱ्या टीमचा लोगो – खेळ पुसा, काम काढा

तुमचे तिन्ही नमुने नीट पाहिले. पहिल्यात चेंडू आणि झेंडा, दुसऱ्यात एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन स्टिक, तिसऱ्यात उंच गवतातून डोकावणारा चेंडू. तुमची तक्रार अशी की लोगो हवाय मैदानाची देखभाल करणाऱ्या टीमसाठी, क्लबचा स्वतःचा लोगो वेगळा आहेच, पण काहीही केलं तरी बघणारा विचारतो, "हा क्लबचाच ना?" रेखाटनात काही खोट नाही. रेषा स्वच्छ आहेत, अक्षरंही बरी निवडली आहेत. अडचण अशी की तुम्ही तिन्ही वेळा खेळ काढलाय. गवत कापणारा, बंकरमधली (म्हणजे वाळूच्या खड्ड्यातली) वाळू दंताळ्याने ओढणारा, पहाटे होलची (चेंडू टाकायच्या भोकाची) जागा बदलणारा माणूस त्यात कुठेच नाही.

अशा वेळी मी एक चाचणी लावतो. खालचं नाव हाताने झाका आणि स्वतःला विचारा, हे चिन्ह असलेली टोपी खेळायला आलेला माणूस हौसेने घालेल का? घालेल असं वाटलं, तर तो लोगो खेळाडूचा झाला. चेंडू, स्टिक, टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) या सगळ्या वस्तू त्याच्या बॅगेतून येतात आणि बॅगेतच परत जातात. तुमच्या टीमचा त्यांच्याशी संबंध एवढाच, की चेंडू पडून ग्रीनवर (होलाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर) झालेला खड्डा आणि स्टिकने उडालेलं ढेकूळ त्यांना बुजवावं लागतं.

पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. गोल्फच्या सगळ्या खुणा काढून नुसतं पान, गवताचं पातं किंवा मोवर (गवत कापायचं यंत्र) ठेवलात, तर तो बागकामाच्या कंत्राटदाराचा लोगो दिसेल. हिरवं पान तर आता खतापासून टूथपेस्टपर्यंत सगळ्यांवर असतं. म्हणजे पेच असा: जी गोल्फची म्हणून ओळखू येते आणि तरीही मैदान राखणाऱ्याच्या हातातली आहे, अशी वस्तू शोधायची. अशा वस्तू मोजक्याच. होल, झेंड्याची काठी, बंकरची वाळू आणि कापणीचे पट्टे. अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या मेरियन क्लबात काठीच्या टोकाला झेंड्याऐवजी वेताची टोपली असते आणि क्लबच्या लोगोतही तीच टोपली आहे. क्लबच असूनही त्यांनी बॅगेतली वस्तू न घेता मैदानावरची घेतली, आणि म्हणून तो लोगो लक्षात राहतो.

मला विचाराल तर होल घ्या.

कारण सांगतो. टीव्हीवर गोल्फ पाहणाऱ्या पुष्कळांना होल एका जागी कायमचा असतो असंच वाटतं. प्रत्यक्षात वर्दळीच्या मैदानावर तो जवळजवळ रोज हलवतात, नाहीतर त्याच्या भोवतीचं गवत पायाखाली मरतं. हे काम होल कटरने होतं. खाली धारदार पोलादी नळकांडं, वर दोन्ही हातांनी धरायची आडवी मूठ. नवीन जागी तो दाबत, फिरवत खाली न्यायचा आणि मातीचा गवतासकट अखंड गोळा वर काढायचा. मग जुन्या होलातला कप (आत बसवलेलं भांडं) आकड्याने उचलून नव्या होलात बसवायचा, त्याची कड जमिनीच्या पातळीपेक्षा निदान एक इंच खाली राहील असा. आणि नव्या जागेतून निघालेला तो गोळा जुन्या होलात बसवायचा. खरं कसब इथे आहे. गोळा केसभर वर राहिला तर दुसऱ्या दिवशी मोवर त्याचा माथा सोलून काढतो. खाली राहिला तर तिथून जाणारा चेंडू हेलकावतो. म्हणून तळात थोडी माती कमी-जास्त करून, हाताने दाबून, पाणी घालून तो आजूबाजूच्या गवताशी एका पातळीत आणतात. नीट बसवला तरी जाणत्या नजरेला ती जागा पुढचे काही दिवस ओळखू येते, कारण त्या गोल तुकड्यातल्या गवताचा कल भोवतीपेक्षा जरा वेगळा असतो.

आता हे चिन्हात आणा. सारख्या व्यासाची दोन वर्तुळं, मध्ये थोडं अंतर. एक भरीव, एक पोकळ. भरीव म्हणजे कालचा होल, बुजवलेला. पोकळ म्हणजे आजचा. खेळाडूला यातला फक्त पोकळ दिसतो, तुमच्या टीमला दोन्ही दिसतात. एवढ्यावरही चिन्ह उभं राहतं, पण बाहेरच्या माणसाला गोल्फ कळणार नाही. तिथे झेंडा लागतो, आणि तिथेच बहुतेक जण घसरतात: वर्तुळ वरून पाहिलेलं, झेंडा बाजूने पाहिलेला, आणि सगळं एकाच चित्रात कोंबलेलं. त्यापेक्षा झेंडा काढूच नका, त्याची सावली काढा. पोकळ वर्तुळापासून निघालेली लांब तिरकी रेघ, टोकाला झेंड्याचा त्रिकोण. सगळं चित्र वरूनच पाहिलेलं राहतं, आणि लांब सावलीमुळे पहाटेची वेळही आपोआप येते. उगवता सूर्य काढायची गरज उरत नाही. (उगवता सूर्य, उघडे तळवे आणि तळव्यावर रोपटं, ही तीन चित्रं मी माझ्यापुरती निवृत्त केली आहेत.)

भरीव वर्तुळात तीन-चार तिरक्या रेघा कोरून काढल्या, तर गवताचा वेगळा कल दिसतो. मोठ्या आकारात त्या ठेवा, छोट्या आकारात काढून टाका.

दुसरा पर्याय पट्ट्यांचा. तुमच्या टीममधला कोणीतरी तो नक्की सुचवेल, कारण ते सगळ्यांत देखणं आणि अभिमानाचं काम आहे. मात्र पट्टा म्हणजे काय ते समजून घेऊन काढा. गवताचे दोन रंग नसतातच. मोवरचा रोलर पाती एका दिशेला झुकवत जातो. आपल्यापासून दूर झुकलेली पाती उजेड जास्त परावर्तित करतात म्हणून पट्टा फिकट दिसतो, आपल्याकडे झुकलेल्यांचा गडद. पलीकडे जाऊन उभं राहिलं की फिकट-गडद उलटतं. त्यामुळे दोन हिरव्या छटांनी काढलेले पट्टे दिसायला बरे, पण झेरॉक्स मारली की एकच काळा डाग. त्याऐवजी दिशेने फरक दाखवा: एका पट्ट्यात रेघा उजवीकडे तिरक्या, शेजारच्यात डावीकडे. एका रंगात निभावतं. आणखी एक खुबी आहे. ग्रीन रोज एकाच दिशेने कापलं तर पाती कायमची त्या बाजूला लोळतात, म्हणून दिशा बदलत राहतात आणि ती घड्याळाच्या काट्यांनी सांगायची पद्धत आहे: आज बारा ते सहा, उद्या तीन ते नऊ. एका वर्तुळातून वेगवेगळ्या दिशांनी जाणाऱ्या रेघा, एवढंच चिन्ह त्या कामाचं पुरेसं चित्र होईल. यात एकच धोका, नुसते सरळ पट्टे फुटबॉलच्या मैदानाचे वाटू शकतात.

अवजारांबद्दल फार लिहीत नाही. होल कटरची आकृती उभी, दोन्ही बाजूंनी सारखी, चिन्हाला सोयीची. रील मोवरच्या नळकांड्यावरची पिळदार पाती कागदावर सुंदर दिसतात, पण टीमबाहेर कोणाला ओळखू येणार नाहीत. बंकरचं रुंद दंताळं ओळखू येतं, आणि दंताळ्यापेक्षाही त्याने वाळूत उमटवलेल्या समांतर रेघा मला जास्त आवडतात. दोन अवजारं एकमेकांवर तिरकी ठेवून खाली फीत, हे मात्र कृपा करून नको. अर्ध्या जगातल्या कामगार संघटना, केशकर्तनालयं आणि हॉटेलं तेच करून बसली आहेत.

आता तुमच्या तिसऱ्या नमुन्याविषयी जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. उंच गवतातून डोकावणारा चेंडू सामान्य माणसाला गोड वाटेल. पण ग्रीनवरचं गवत सुमारे 3 मिलीमीटरवर कापलेलं असतं, फेअरवेवरही (ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या मुख्य पट्ट्यावर) साधारण 10 ते 15 मिलीमीटर. चेंडू अर्धा बुडेल इतकं गवत फक्त रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढू दिलेल्या गवतात असतं. ज्यांचं आयुष्य गवत मिलीमीटरमध्ये राखण्यात जातं, त्यांच्या छातीवर तुम्ही वाढलेलं रान लावताय. टीममध्ये पहिल्याच दिवशी हसं होईल. तसंच प्रमाणाचं. चेंडूचा व्यास कमीत कमी 42.67 मिलीमीटर आणि होलचा 4.25 इंच, म्हणजे 108 मिलीमीटर. 1891 पासून प्रमाण मानलेलं हेच माप. म्हणजे होल चेंडूच्या अडीचपट रुंद. बाजारात मिळणाऱ्या तयार चित्रांत चेंडू होलात जेमतेम मावेल असा काढलेला असतो. तुम्ही चेंडू घेणार नसाल तर प्रश्नच नाही, घेतलात तर मोजून काढा. काठीचंही तेच: निदान 7 फूट उंचीची शिफारस आहे, तुमच्या पहिल्या नमुन्यात ती चेंडूच्या तिप्पट उंच आहे. बाहेरच्यांना यातलं काही खटकणार नाही हे खरं, पण हा लोगो रोज अंगावर घालणार आहेत ते आतलेच लोक.

रंगाचा निर्णय शेवटी घ्या. आधी सगळं काळ्या-पांढऱ्यात पक्कं करा. हिरवा घ्यायचा मोह होणारच, पण हा लोगो लागणार कुठे ते बघा. टीमचे शर्ट बहुधा हिरवेच असतात. यंत्रांवर लावायचा झाला तर टोरोची यंत्रं लाल, जेकबसनची नारिंगी, जॉन डिअरची हिरवी-पिवळी. हिरव्यावर हिरवा बुडतो आणि लालवर हिरवा डोळ्यांना त्रास देतो. शिवाय लाल-हिरव्यात फरक करायला अडचण येणारे पुरुष थोडेथोडके नाहीत. मी गडद निळा किंवा जवळजवळ काळा आणि वाळूचा फिकट रंग अशी जोडी सुचवेन. वाळू ही तुमच्या टीमच्या कामातली खरी सामग्री आहे: बंकरमध्ये तीच, ग्रीनवर पातळ थरात पसरतात तीच, उडालेली ढेकळं भरताना बियांबरोबर मिसळतात तीच. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं मैदान राखणारे ओल्ड टॉम मॉरिस ग्रीनवर वाळू पसरण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांनी ब्रिटिश ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा चार वेळा जिंकली होती, तरी या व्यवसायात त्यांचं नाव आजही निघतं ते त्या वाळूमुळे. अमुक रंग का, असं क्लबच्या समितीने विचारलं, तर हे सांगण्यासारखं उत्तर आहे.

भरतकामाकडे मात्र आधीपासून लक्ष ठेवा, कारण टोपी आणि शर्टाचा खिसा हीच या लोगोची मुख्य जागा. धाग्याला छटांचं हळूहळू मिसळणं जमत नाही. एक मिलीमीटरपेक्षा बारीक रेघ तुटक दिसते. पाच मिलीमीटरपेक्षा लहान अक्षरांची पोटं धाग्याने भरून जातात, आणि नाव देवनागरीत असेल तर वेलांट्या-मात्रांसाठी आणखी उंची सोडा, नाहीतर 'मैदान'चं 'मेदान' होईल. पोकळ वर्तुळाची कड जाड ठेवा, सावलीची रेघ त्याहूनही जाड. टीमचं नाव वर्तुळाभोवती कमानीत लिहिण्यापेक्षा खाली किंवा उजवीकडे सरळ ओळीत लिहा, म्हणजे जागा कमी असेल तिथे नाव गाळून नुसतं चिन्ह वापरता येईल. भरतकामाचा एक नमुना प्रत्यक्ष करून घेतल्याशिवाय काहीही अंतिम करू नका. पडद्यावर चोख दिसणाऱ्या गोष्टी कापडावर भलत्याच निघतात.

टीमला कधी आणि काय विचारायचं, याबद्दल माझं मत जरा आडमुठं आहे. नमुने दाखवून हात वर करायला सांगू नका, सगळे सर्वांत मुळमुळीत पर्यायावर एकत्र येतात. त्याऐवजी काढायला बसण्यापूर्वीच एक सकाळ त्यांच्याबरोबर काढा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुमच्या कामातली कोणती गोष्ट खेळाडूंच्या कधीच लक्षात येत नाही? चिन्ह त्या उत्तरांतून निघू द्या. कदाचित होल कोणाच्याच तोंडी येणार नाही, सगळे दव झटकण्याबद्दल किंवा ग्रीनला भोकं पाडून हवा खेळवण्याबद्दल बोलतील. मग माझी दोन वर्तुळं खुशाल बाजूला ठेवा. भोकांची ती नेमकी जाळीसुद्धा ठिपक्यांचं छान चिन्ह होऊ शकते.

क्लबच्या लोगोत दंताळं घुसवून काम भागवायची सूचना कोणीतरी करेलच. तो लोगो क्लबची मालमत्ता आहे, लेखी परवानगीशिवाय त्याला हात लावू नका. दोन्ही चिन्हं एकाच शर्टावर येणार असतील तर क्लबचं छातीवर आणि टीमचं बाहीवर, असं आधीच ठरवून घ्या. काम सोपवताना व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी रेषा स्वच्छ राहणारी), एकरंगी आवृत्ती, गडद पार्श्वभूमीसाठी उलटी आवृत्ती आणि रेघा गाळलेली छोटी आवृत्ती, अशा चार वेगळ्या फाइली द्या. नवा कच्चा आराखडा झाला की इथेच टाका, आणि रंग न भरता टाका.