मोबाईल दाखवल्याशिवाय जेवतच नाही, काय करू?

"मॅडम, मोबाईल लावला तरच घास घेतो. काढून घेतला की जमिनीवर डोकं आपटतो. काय करू?" लहान मुलांच्या आया माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न घेऊन येतात. त्याचं उत्तर म्हणून नाशिकमधल्या एका घराची हकीकत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. मुलाला आपण छोटू म्हणू.

छोटू तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांचा होता. आई बँकेत, वडील अंबडला एका कारखान्यात शिफ्टमध्ये. दिवसभर सांभाळायला आजी. पहिल्या भेटीला मी त्यांना छोटूच्या जेवणाचा डबा बरोबर आणायला सांगितलं होतं. रोज जसं भरवता तसंच भरवा, म्हटलं.

आईने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, गाणं लावलं आणि वरणभात भरवायला सुरुवात केली. चमचा ओठांना लागला की तोंड उघडायचं, घास आत गेला की मिटायचं. चमच्याकडे नजर नाही, आईकडेही नाही. मध्येच आईला विचारून मी एका घासाला लिंबाच्या लोणच्याचा खार लावला. छोटूने तो तसाच गिळला. चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. बारा मिनिटांत डबा रिकामा झाला आणि आई समाधानाने म्हणाली, "बघा, फोन असला की किती शहाण्यासारखं जेवतो."

तो जेवत नव्हता, त्याच्या पोटात अन्न जात होतं. भूक लागली, पोट भरलं, हे आंबट, हे गोड, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. असं महिनोन् महिने चाललं की मुलाला स्वतःची भूक ओळखायलाच येत नाही, आणि मग फोन नसताना ताट समोर आलं तर त्याचं करायचं काय हे त्याला खरोखर कळत नाही. तो हट्टीपणा नसतो.

दुसरी गोष्ट बोलण्याची. छोटू वन ते ट्वेंटी म्हणायचा, रंगांची इंग्रजी नावं घडाघडा सांगायचा. घरच्यांना त्याचं कौतुक होतं. पण तहान लागली की आजीचा हात धरून तिला माठापर्यंत ओढत न्यायचा. 'पाणी' हा शब्द त्याच्याकडे नव्हता.

इथे मी नेहमी थांबते. मोबाईलमुळेच बोलत नाही असं परस्पर ठरवायचा अधिकार मला नाही, आणि पालकांनीही तसं ठरवू नये. 'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे स्क्रीन जास्त पाहिल्याने मुलात स्वमग्नतेसारखी लक्षणं येतात, हा शब्द व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरतो. ते मान्यताप्राप्त वैद्यकीय निदान नाही. त्या शब्दाच्या भरवशावर 'फोन बंद केला, आता होईल बरा' म्हणत तपासणी लांबवणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्या मुलांचा गेलेला काळ मला आजही सलतो. मूल उशिरा बोलत असेल तर आधी कान तपासायचे, मग विकासाची तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे हे सरकारी खर्चाने होतं. छोटूचे कान व्यवस्थित निघाले. डॉक्टरांनी स्पीच थेरपी सुरू करायला आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं.

दुसऱ्या भेटीला आजीही आल्या. वडिलांनी फोनमधलं डिजिटल वेलबीइंग उघडून दाखवलं. आजींच्या फोनवर यूट्यूब रोज साडेचार तासांच्या आसपास. "आई दिवसभर देते त्याला," ते म्हणाले. आजी बराच वेळ पदराचं टोक चाळवत बसल्या. मग म्हणाल्या, "घर दुसऱ्या मजल्यावर. दार उघडं दिसलं की हा जिन्याकडे पळतो. माझे गुडघे असे. फोन दिला की एका जागी बसतो. पडला असता म्हणजे?"

त्या घरातली खरी अडचण या पाच वाक्यांत होती. फोन तिथे जिन्याच्या फाटकाचं काम करत होता. आजींना दोष देऊन तो सुटला नसता. म्हणून पहिला उपाय सुताराकडून करून घेतला: दाराला आतून वरच्या बाजूला कडी आणि जिन्याच्या तोंडाशी कमरेएवढं लाकडी फाटक. तुमच्याकडे फोन कशाच्या जागी वापरला जातोय हे आधी शोधा, असं मी प्रत्येक घराला सांगते. कुठे तो सांभाळणाऱ्या माणसाच्या जागी असतो, कुठे भांडण टाळण्यासाठी, कुठे दहा मिनिटं पाठ टेकता यावी म्हणून. ती जागा दुसऱ्या कशाने भरली नाही तर चार दिवसांत फोन परत येतो.

वडिलांना आजपासून फोन कपाटात कुलूपबंद करायचा होता. मी नको म्हटलं. एकच जेवण निवडा, रात्रीचं, दोघं घरी असाल तेव्हाचं. छोटूचं वजन वयाच्या मानाने ठीक होतं, हे बालरोगतज्ज्ञांकडून आधी पक्कं करून घेतलं. वजन कमी असलेल्या मुलावर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. दिवसाकाठी दुधाच्या तीन बाटल्या चालू होत्या, त्या कमी केल्या. दुधाने पोट भरलेलं मूल ताटाकडे कशाला बघेल? सगळ्यांनी एकत्र बसायचं, छोटूला वेगळी छोटी ताटली, भरवायचं नाही, आणि घरातले सगळे फोन फ्रिजवर. वडिलांचासुद्धा.

ही शेवटची अट वडिलांना जड गेली. पण मोहित्यांचे वडगावचा विषय त्यांनीच काढला. सांगली जिल्ह्यातल्या या गावात २०२२ मध्ये संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही, मोबाईल बंद ठेवायला सुरुवात झाली. "आपल्या घरापुरता भोंगा वाजवू," म्हणत त्यांनी रात्री आठचा गजर लावला.

पहिल्या रात्री छोटू रडून रडून न जेवता झोपला. आई मला मेसेज करत होती आणि स्वतःही रडत होती. दुसऱ्या रात्री ताटली भिरकावली. तिसऱ्या रात्री दोन घास. चौथ्या रात्री त्याने आजीच्या ताटातली गूळ-तूप लावलेली पोळी ओढून घेतली आणि अर्धी संपवली, तूप कोपरापर्यंत ओघळलं. आईने पुसायला हात पुढे केला तर आजींनी तो धरला.

मग स्क्रीन पूर्ण बंद करायची का? भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सूचनांनुसार २ वर्षांपर्यंत नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल सोडून काहीही दाखवू नये, आणि २ ते ५ या वयात दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही मोठ्या माणसाच्या देखरेखीत. देखरेख म्हणजे लॉक नव्हे. यूट्यूब किड्सवर शोध बंद करता येतो, आपण निवडलेलेच व्हिडिओ ठेवता येतात. ते जरूर करा. पण बघताना शेजारी बसून "हा कोण? आपल्या गल्लीत असा कुत्रा कुठे आहे?" हे माणसालाच विचारावं लागतं.

छोटूसाठी आम्ही फोन हातातून काढून टीव्हीवर आणला, म्हणजे काय चाललंय ते घरभर दिसतं. ऑटोप्ले बंद. 'दोन गाणी' हे आधी सांगायचं आणि दुसरं संपलं की त्यालाच रिमोटचं बटण दाबू द्यायचं. गाणं मध्येच तोडलं की तो चवताळायचा, संपल्यावर बंद केलं तर कुरकुर करून उठायचा. फोन फक्त दोन कामांना राहिला. दुपारच्या सुट्टीत आईचा व्हिडिओ कॉल, आणि फोटो. आजी त्याला घेऊन खिडकीत उभ्या राहायच्या, खालच्या भाजीच्या गाडीचा, मांजराचा फोटो काढायच्या, आणि संध्याकाळी बाबांना तो दाखवून छोटूने 'सांगायचं'. सुरुवातीला नुसतं बोट. मग "माऊ". अडीच महिन्यांनी "माऊ पळाली".

दिवाळीत मामाकडे चार दिवस पुन्हा फोनवर जेवण झालं. परत आल्यावर आठवडाभर रडारड झाली आणि घडी बसली. थेरपी अजून चालू आहे, बोलणं वयाच्या थोडं मागे आहे. पाणी मात्र मागून पितो.

केस कापताना फोन अजून लागतोच, असं आई परवा अपराध्यासारखं सांगत होती. कानाजवळ कात्री आली की तो घाबरतो. तेवढा राहू द्या, मी म्हटलं.