दिल्ली ते टोकियो: अंतर किती, वेळ किती?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: दिल्ली ते टोकियो विमानाने अंतर किती, आणि तिकिटावर जाताना अकरा तास पण येताना सहाच तास कसे दिसतात.

अंतर सरळ मोजलं तर सुमारे ५,८५० किलोमीटर. पण ही सरळ रेषा उत्तराखंडावरून थेट तिबेटवर चढते आणि विमानं सहसा तिकडून जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला झटपट दहा हजार फुटांच्या आसपास उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन फार वेळ पुरत नाही. तिबेटमध्ये जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर, म्हणजे चौदा हजार फुटांच्याही वर. उतरणार कुठे? म्हणून बांगलादेश, म्यानमार, मग चीनचा युन्नान प्रांत असा वळसा पडतो आणि प्रत्यक्षातलं उड्डाण सहा हजार किलोमीटरच्या पुढे जातं.

आता वेळ. तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ छापलेली असते आणि टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. रात्री ९ ला निघून सकाळी ८ ला पोहोचलात तर अकरातून साडेतीन वजा करा, उरले साडेसात. परत येताना दुपारी १२ ते संध्याकाळी ६ दिसलं तर सहात साडेतीन मिळवा, झाले साडेनऊ. म्हणजे तिकिटावर छोटा वाटणारा परतीचा प्रवासच खरा लांबचा!

हा दोन तासांचा फरक वाऱ्याचा. या पट्ट्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. समोरच्या स्क्रीनवर 'ग्राउंड स्पीड', म्हणजे जमिनीच्या हिशेबाने विमानाचा ताशी वेग, बघत बसा. जाताना आकडा हजार-अकराशेच्या घरात, येताना सातशेच्या आसपास रेंगाळतो. इंजिनं तीच, जोरही तेवढाच. उन्हाळ्यात हा वारा मंदावतो, उत्तरेला सरकतो, आणि फरकही कमी होतो. (वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. अहवाल मात्र एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला, मग जगात वाचणार कोण!)

तिकीट काढताना विमानतळ कोणता तेवढं नक्की पाहा. हानेदा शहराला लागून आहे, नारिता मध्य टोकियोपासून साठेक किलोमीटर दूर. नारिताहून थेट गाडी मिळाली तरी तासभर जातोच, इमिग्रेशनची रांग वेगळी. पोहोचल्याच्या सकाळी कुणाला भेटायचं ठरवत असाल तर हानेदाचं तिकीट थोडं महाग पडलं तरी मी तेच घेईन.