उरलेल्या लोकरीची क्रोशाची फुलं: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

स्वेटर विणून उरलेल्या लोकरीची क्रोशाने फुलं जमतील का, सुई पहिल्यांदाच हातात धरतेय, असं तुम्ही विचारलंय. नक्की जमतील. आपल्या ग्वाल्हेरच्या थंडीमुळे घरात उरलेल्या लोकरीला तोटा नसतो, आणि एका छोट्या फुलाला दोन-तीन मीटर पुरते.

नेहमीच्या स्वेटरच्या लोकरीला 3.5 किंवा 4 मिमीची सुई घ्या. पहिलं फूल फिक्या, गुळगुळीत लोकरीचंच करा; काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके दिसत नाहीत आणि उगाच हिरमोड होतो.

वीतभर टोक सोडून 4 साखळ्या घाला (सुईवरच्या फासातून लोकर ओढून काढली की एक साखळी), मुक्या खांबाने (पहिल्या साखळीत सुई घालून लोकर ओढा आणि सुईवरच्या फासातूनही लगेच काढा) जोडून कडं करा. पाकळीसाठी 2 साखळ्या, कड्यात 2 खांब (सुईवर लोकरीचा एक वेढा घ्या, कड्यातून लोकर ओढा, मग दोन-दोन फासांतून दोनदा काढा), पुन्हा 2 साखळ्या आणि कड्यातच मुका खांब. अशा 5 पाकळ्या. विणताना सुरुवातीचं टोक कड्यालगत धरून त्यावरूनच टाके घ्या. शेवटी ते ओढलं की मधलं भोक छान आवळतं.

पाकळ्या वाटीसारख्या वर वळल्या तर हात घट्ट पडतोय. सुई अर्ध्या मिमीने मोठी घ्या.

टोकं मोठ्या नाकाच्या शिवणाच्या सुईने मागच्या टाक्यांत उलटसुलट ओवा, मगच कापा. नुसती गाठ धुतल्यावर सुटू शकते. दाराच्या तोरणाला लावणार असाल तर रंग हवे तितके मिसळा, पण जाडी एकच ठेवा, नाहीतर फुलं लहानमोठी होतात.