हॉकर आणि विल्पेना पाउंड

प्रश्न: ऑगस्टमध्ये मुलाकडे ॲडलेडला जाणार आहोत. तिथून उत्तरेकडच्या फ्लिंडर्स डोंगररांगेतले हॉकर गाव आणि विल्पेना पाउंड हा डोंगरांचा कटोरा साध्या मोटारीने होईल का?

उत्तर: होईल, आणि ऑगस्ट उत्तमच, तेव्हा तिथे हिवाळा असतो; उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. रात्री मात्र कडाक्याची थंडी असते. हॉकर सुमारे ४०० किलोमीटर. पेट्रोल तिथेच पूर्ण भरा. पुढे विल्पेनापर्यंत डांबरी रस्ता आहे. जवळच्या ब्राचिना घळीचा रस्ता मात्र कच्चा. भाड्याच्या गाडीचा विमा तिथे बहुधा लागू होत नाही, करार नीट वाचा. पावसानंतर हा कच्चा रस्ता बंदही करतात. तिन्हीसांजेआधी मुक्काम गाठा, कांगारू आडवे येतात. वांगारा टेकडीवरून डोंगरांचा कटोरा सुरेख दिसतो: पायी जाऊन-येऊन सुमारे ८ किलोमीटर. सेंट मेरी शिखर इथल्या मूळनिवासी अद्न्यामथन्हा लोकांना पवित्र आहे. त्यांच्या विनंतीला मान देऊन शिखराखालच्या टँडेरा खिंडीतूनच मागे फिरा.