वाचकांचे प्रश्न : पदं सगळ्यांना, कामं दोघांनाच

प्रश्न : आम्ही १९ ते २६ वयाचे चौदा जण तालुक्याच्या गावात शनिवार-रविवार मोफत अभ्यासवर्ग चालवतो. गेल्या वर्षी संस्था नोंदवली. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ठरले, पण सगळं अध्यक्ष आणि सचिवच ओढतात. सचिव जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याला जाणार आहे. कामं कशी वाटावीत?

उत्तर : संस्थेच्या घटनेतली (नियमावलीतली) पदं कायद्याला आणि बँकेला लागतात. पालकांना फोन कोण करणार, वह्या कोण आणणार, हे त्यातून ठरत नाही आणि मग प्रत्येक बारीकसारीक गोष्ट अध्यक्षांपर्यंत जाते. म्हणून महिनाभरात झालेलं प्रत्येक काम एकेका चिठ्ठीवर लिहा आणि सगळ्यांनी बसून त्यांचे गठ्ठे करा. तुमच्या कामाचे साधारण पाच होतील : वर्ग, स्वयंसेवक, पालक-शाळा संपर्क, पैसे, दप्तर (म्हणजे संस्थेची कागदपत्रं). प्रत्येक गठ्ठ्याला एक प्रमुख आणि एक जोडीदार द्या. दोघांना समान प्रमुख करू नका. दोघंही ‘त्यानं केलं असेल’ असं धरून चालतात. एकाच माणसाकडे दोन गठ्ठे नकोत.

कामासोबत अधिकार दिला नाही, तर वाटणी पंधरा दिवसांत कोलमडते. खर्चाची मर्यादा लिहूनच ठेवा. उदाहरणार्थ, ५०० रुपयांपर्यंत प्रमुखानं स्वतः ठरवावं, ५,००० पर्यंत खजिनदाराची संमती घ्यावी, त्यापुढे सभेत ठराव व्हावा. आकडे तुमच्या जमाखर्चाप्रमाणे बदला. पैसे गोळा करणारा आणि हिशेब लिहिणारा वेगळा हवा. इथे अविश्वासाचा प्रश्न नाही. पुढे हिशेबात फरक निघाला तर मैत्री वाचते. खात्यावर तिघांच्या सह्या ठेवा, त्यांतल्या कोणत्याही दोन चालतील अशा. म्हणजे एक जण गाव सोडून गेला तरी चेक अडत नाही. देणगी कुणाच्याही स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका, एक दिवसासाठीसुद्धा.

सभा पंधरा दिवसांनी, तासभर. विषय दोन दिवस आधी कळवा. त्याच रात्री ग्रुपवर तीनच गोष्टी टाका : काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपवरचे अंगठे म्हणजे ठराव नव्हे. ठराव इतिवृत्ताच्या वहीतच हवा.

आता सचिवांचं. निरोपाच्या दिवशी फायली सोपवणं म्हणजे कार्यभार देणं नव्हे. मे महिना पूर्ण त्यासाठी ठेवा : पहिले दोन आठवडे नव्या सचिवानं पाहायचं, पुढचे दोन त्यानं करायचं आणि जुन्या सचिवानं पाहायचं. सगळ्यात जास्त अडतं ते ओटीपीपाशी. संस्थेचा ईमेल, इन्स्टाग्राम, पॅनकार्डाला जोडलेला नंबर हे जाणाऱ्याच्या मोबाइलवर असतात. संस्थेसाठी वेगळं सिमकार्ड घ्या आणि तो फोन दप्तर सांभाळणाऱ्याकडे ठेवा. यापुढे सगळे प्रमुख एकदम बदलू नका. निम्मे जूनमध्ये, निम्मे दिवाळीनंतर. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र काहीच बदलू नका, तेव्हा मुलांच्याही परीक्षा असतात आणि तुमच्याही.

सचिव बदलला की कागदही बदलावे लागतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) द्यावा लागतो. सोबत लेखी राजीनामा, सभेची नोटीस, ठराव आणि नव्या सचिवाचं संमतिपत्र तयार ठेवा. मुदत टळली तर विलंब माफीचा वेगळा अर्ज येतो. दोन-तीन बदल असे साचले की कागदावर जुनीच कार्यकारिणी राहते, आणि बँकेत सह्या बदलताना तिथेच अडतं.

प्रश्न : आमचे अध्यक्ष जवळचे मित्र आहेत, पण सहा महिने सभेला आलेले नाहीत. पद काढून घ्यावं का?

उत्तर : आधी दोघांनी भेटून सरळ विचारा : पद नको आहे, की इतकं काम नको आहे? पुष्कळदा दुसरं कारण निघतं, आणि मग अध्यक्षपद ठेवून रोजचा गठ्ठा दुसऱ्याकडे देता येतो. पदच नको असेल तर तारीख आणि सहीसह राजीनामा घ्या. ग्रुपवरचा मेसेज चालणार नाही. ते काहीच बोलत नसतील तर घटनेतलं गैरहजेरीचं कलम वाचा, त्यात सांगितलेल्या मुदतीची नोटीस सर्व सभासदांना पोहोचल्याची पोच घ्या, आणि त्यांना सभेत म्हणणं मांडू द्या. नोटिशीची पोच नसेल, तर ठराव एकमताचा असला तरी त्यावर हरकत येऊ शकते.