पाठवणी न झालेली शिष्या

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या खेळाच्या प्रशिक्षकांकडून, गाणे शिकवणाऱ्यांकडून आणि क्वचित शिकवणी घेणाऱ्या शिक्षकांकडूनही एक प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत वारंवार ऐकला आहे : ‘ज्या मुलाला मी बोट धरून उभे केले, ते ऐन यशाच्या तोंडावर दुसऱ्याकडे गेले, मग माझ्या इतक्या वर्षांच्या कामाला काय अर्थ राहिला?’ या प्रश्नाला नाशिकमधल्या एका ॲथलेटिक्स प्रशिक्षकांच्या अनुभवातून उत्तर द्यावे, असे मला वाटते. त्यांनी त्यासाठी संमती दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

सर, येथे मी त्यांना सरच म्हणेन, माझ्याकडे स्वतःहून आले नव्हते. मागच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या पत्नीने फोन केला. सर रात्री दोन वाजता उठून जुन्या वह्या काढून बसतात, पहाटे ग्राउंडवर मुलांवर ओरडतात आणि घरी आल्यावर कोणाशी बोलत नाहीत, असे त्या म्हणाल्या. लग्नाला वीस वर्षे झाली, पण सरांचा चढलेला आवाज त्यांनी यापूर्वी कधी ऐकला नव्हता. पहिल्या भेटीत सर खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “मॅडम, मला काही झालेले नाही. हिला काळजी वाटते म्हणून आलो.”

त्यांचे वय अठ्ठेचाळीस. बालपण पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले, शाळा लांब असल्यामुळे चालणे आणि पळणे वेगळे शिकावे लागले नाही. महाविद्यालयात असताना ते 5,000 मीटर, म्हणजे ट्रॅकच्या साडेबारा फेऱ्या, धावत असत. गुडघ्याच्या दुखापतीने ते थांबले, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षणाची पदविका घेतली. 1961 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेची पदविका आजही प्रशिक्षकाच्या पेशात मानाची समजली जाते. तथापि पदविका म्हणजे नोकरी नव्हे, हे त्यांना नाशिकला परतल्यावर कळले. एका शाळेत मानधनावर क्रीडा शिक्षक, पहाटे आणि संध्याकाळी ग्राउंड, असा त्यांचा दिनक्रम गेली वीस वर्षे चालू आहे.

घर चालते ते मात्र पोलीस भरतीच्या बॅचवर. भरतीच्या 50 गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांना 1,600 आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते, त्याशिवाय 100 मीटर आणि गोळाफेक असते, आणि त्या तयारीसाठी मुले फी देतात. ॲथलेटिक्सची जी खरी मुले, त्यांच्याकडून सरांनी फी घेतली नाही. उलट बूट, अंडी आणि स्पर्धेच्या गावचे बसभाडे त्यांनी पदरचे दिले. बहुतेक शहरांत मैदानी खेळाचा प्रशिक्षक असाच जगतो. शाळेतल्या शिक्षकाला निदान हजेरीपट आणि सेवापुस्तक असते. मोकळ्या मैदानावर शिकवणाऱ्याच्या वीस वर्षांची नोंद कोणत्याच दप्तरात नसते, आणि मला हे फार अन्यायाचे वाटते.

सरांच्या दुःखामागे नाशिकचा एक विशेष संदर्भ आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य पदक मिळवले, तेव्हापासून भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर त्यांना घडवणारे विजेंद्र सिंग यांचे नावही येथे घरोघरी माहीत झाले. पेठ, सुरगाणा आणि हरसूलच्या पाड्यांवरून आलेली काटक मुलगी आणि तिच्यामागे स्टॉपवॉच घेऊन उभा असलेला प्रशिक्षक, हे चित्र या जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रशिक्षकाने मनाशी धरलेले असते. सरांनीही ते धरले होते.

त्यांची ती मुलगी सुरगाणा तालुक्यातून आली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि अनवाणी धावत होती. पाच वर्षे त्यांनी तिला शिकवले. सुरुवातीला दीड वर्ष तर घड्याळ न लावता, केवळ पावलांची ठेवण आणि श्वास सुधारत. अठराव्या वर्षी तिने राज्य पातळीवर पदक मिळवले आणि तिला बाहेरगावच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात जागा मिळाली. तिथे आहार, फिजिओ आणि चांगला ट्रॅक होता, आणि तिने जावे हा सल्ला खुद्द सरांनीच दिला होता. सहा महिन्यांनी तिने पुढचे पदक मिळवले. वर्तमानपत्रात नव्या प्रशिक्षकांचे नाव छापून आले. गावातल्या सत्कारात सरांना बोलावणेही आले नाही.

“तिचा राग येतो का?” असे मी विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “राग कसा येईल? पोरगी आहे ती.”

येथे माझ्याकडून एक चूक झाली. दुसऱ्या भेटीत त्यांनी हिशेब सांगितला, की भरतीच्या बॅचमधून आजवर शेकडो मुले पोलीस, वनखाते आणि सैन्यात गेली; आणि मी लगेच म्हणाले, की हेच तुमचे खरे यश आहे. त्यांचा चेहरा त्या क्षणी बंद झाला. सांत्वन खरे असले तरी ते घाईने दिले, की ऐकणाऱ्याला ‘तुमचे दुःख आता पुरे’ एवढेच ऐकू येते. त्या मुलांचा त्यांना अभिमान होताच. पण ज्या एका जाण्याने ते झुरत होते, त्याची भरपाई दुसऱ्या कोणत्याही आकड्याने होणार नव्हती, आणि ते मी आधी मान्य करायला हवे होते. पुढच्या भेटीला ते येतील की नाही, याची मला शंका होती. ते आले, आणि सोबत एक वेगळीच गोष्ट घेऊन आले.

त्यांच्याकडे आता दुसरी एक मुलगी होती, पंधरा वर्षांची, पहिलीपेक्षाही गुणी. तिची नडगी महिनाभर दुखत होती. सरांनी तेल, शेक आणि ‘थोडे सहन कर’ यांवर वेळ काढली, कारण जिल्हा स्पर्धा जवळ होती. ग्राउंडवरच्या एका पालकाने आग्रह केल्यामुळे तिला डॉक्टरांकडे नेले, तेव्हा एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर दिसली. धावणाऱ्या मुलांमध्ये अशी चीर पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. संपूर्ण नडगी ठणकण्याऐवजी एकाच ठिकाणी बोट ठेवले की कळ येणे, ही तिची महत्त्वाची खूण असते. ही माहिती सरांना नवी नव्हती. हे त्यांना वीस वर्षांपासून ठाऊक होते, आणि तरीही त्यांनी या वेळी बोट ठेवून पाहिले नव्हते.

“का पाहिले नाही?” मी विचारले.

“कारण दिसले असते, तर तिला थांबवावे लागले असते.”

आमच्या सगळ्या भेटींमधले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते. पहिल्या मुलीच्या जाण्याने जे रिकामे झाले होते, ते त्यांना दुसरीच्या पायांनी भरून काढायचे होते, आणि तेही लवकर, म्हणजे ती कोणी घेऊन जाण्यापूर्वी. मी त्यांना वह्या आणायला सांगितले. दोन्ही मुलींच्या वह्या शेजारी ठेवल्यावर त्यांना स्वतःलाच दिसले, की पहिलीला सतराव्या वर्षी जो आठवड्याचा पल्ला दिला होता, तो दुसरीला पंधराव्या वर्षी दिला होता, आणि विश्रांतीचा दिवस फेब्रुवारीपासून वहीतून नाहीसा झाला होता. पहिलीच्या सत्काराची बातमी फेब्रुवारीतलीच होती. त्यावर मला काही बोलावे लागले नाही.

यातला एक भाग मी थोडा विस्ताराने सांगते, कारण तो मुलींना शिकवणाऱ्या प्रत्येक पुरुष प्रशिक्षकासाठी आहे. डॉक्टरांनी त्या मुलीला विचारले, तेव्हा तिची पाळी चार महिने आली नव्हती असे निघाले. सरांना ते माहीत नव्हते. हा विषय त्यांनी कधी काढला नव्हता, आणि तिनेही सांगितले नव्हते. धावण्यात खर्च होणारी ऊर्जा जेवणातून भरून निघाली नाही, की शरीर काटकसर करू लागते, पाळी थांबते आणि हाडे कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 पासून या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव दिले आहे. किशोरवयात हाडांची बांधणी सर्वाधिक होत असल्यामुळे त्या वयातले नुकसान पुढे भरून काढणे अवघड जाते. ती मुलगी पहाटे चहा पिऊन ग्राउंडवर येई आणि दुपारी वसतिगृहातला भात खाई. घरी मिळणारी नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी इथे तिला परकी झाली होती. ‘पाळी थांबणे म्हणजे चांगला सराव झाला’ ही समजूत काही मैदानांवर अजून ऐकू येते, आणि ती धोकादायक आहे. पुरुषाने हे विचारायला संकोच वाटत असेल, तर मुलीची आई, वसतिगृहाच्या ताई किंवा एखादी थोरली खेळाडू यांच्यामार्फत तारखांची नोंद ठेवता येते. पण नोंद हवीच.

सरांनी त्या मुलीची क्षमा मागितली. मी तसे सुचवले नव्हते. तिच्या आईवडिलांसमोर, ग्राउंडच्या कट्ट्यावर बसून त्यांनी सांगितले, की चूक माझी आहे, आणि दोन महिने हिने धावायचे नाही.

उरला पहिल्या मुलीचा प्रश्न. चौथ्या भेटीत मी त्यांना विचारले, की ती गेली त्या दिवशी काय झाले. ते म्हणाले, “सीबीएस बसस्थानकावरून बस होती. मी गेलो नाही. बॅच होती.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “बॅच नव्हती.” लेक सासरी जाते तेव्हा आपण रडतो, ओटी भरतो, वेशीपर्यंत जातो, जे जाणार आहे ते गेले, हे सगळ्यांनी मिळून मान्य करण्याची ती रीत असते. प्रशिक्षकाचा शिष्य जातो तेव्हा असे काहीच होत नाही, आणि कर्तव्य म्हणून हसत राहावे लागते. मी सरांना विचारले, की आजही काही देऊन तिची पाठवणी करता येईल का. फोन करायला ते तयार नव्हते, आणि मी आग्रह धरला नाही, कारण तो फोन आभार मागण्यासाठी केल्यासारखा झाला असता.

त्यांनी स्वतः शोधलेला मार्ग मला सुचला नसता. त्यांनी तिच्या पाच वर्षांच्या वह्यांच्या छायाप्रती काढल्या : रोजचा सराव, प्रत्येक दुखापत, कोणत्या हवेत ती मंदावते, डावा घोटा कधी मुरगळला होता, शर्यतीआधी ती काय खाते. त्या त्यांनी नव्या प्रशिक्षकांना पोस्टाने पाठवल्या, सोबत चार ओळींचे पत्र, आणि त्या चार ओळींत स्वतःविषयी एक शब्दही नव्हता. पाकीट टाकून आल्यावर त्या रात्री ते झोपले, असे त्यांच्या पत्नीने मला कळवले.

दहा दिवसांनी नव्या प्रशिक्षकांचा फोन आला. त्यांना त्या घोट्याविषयी विचारायचे होते, कारण तिने तिथे कोणाला काही सांगितले नव्हते. दोघे पाऊण तास बोलले. मुलीचा फोन मात्र हे लिहीपर्यंत आलेला नाही, आणि सरांना त्याचे वाईट वाटते. ते वाईट वाटणे आता ते लपवत नाहीत.

ज्यांनी मला हा प्रश्न विचारला आहे, त्यांना माझे सांगणे असे, की शिष्य गेल्याचे दुःख होणे हा मनाचा कोतेपणा नाही, आणि ते कोणाजवळ तरी बोलून दाखवावे. 1985 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पी. टी. उषा यांचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार हे पहिल्या मानकऱ्यांपैकी एक होते. परंतु बहुतेक प्रशिक्षकांच्या वाट्याला असा दिवस येत नाही, आणि ती अपेक्षा पुढच्या मुलावर लादली, तर तिची किंमत त्या मुलाचे शरीर मोजते. म्हणून आपल्या वहीतला विश्रांतीचा दिवस नाहीसा झाला आहे का, एवढे अधूनमधून पाहावे.

दुसऱ्या मुलीला डॉक्टरांनी नुकतीच परवानगी दिली आहे. गेल्या सोमवारी ती गवतावर एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, अशा आठ फेऱ्या करून थांबली. सरांनी त्या दिवशी स्टॉपवॉच घरीच ठेवले होते आणि मनगटावरच्या घड्याळावर काम भागवले.