आजोबांचं शाईचं चित्र खाली अर्धं कोरं आहे, ते अपूर्ण आहे का?

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या ट्रंकेत काळ्या शाईने काढलेलं गोदाघाटाचं चित्र सापडलं, मागे पेन्सिलीने 1962 लिहिलंय, वर देवळं आणि पायऱ्या आहेत पण खालचा अर्धा कागद कोराच, तर ते कुणाकडून तरी रंगवून पूर्ण करून घ्यावं का. अहो प्लीज नका करू तसं. तो कोरा कागद म्हणजे गोदावरी आहे.

मी पंचवटीतच राहतो, सुट्टीच्या दिवशी सकाळी घाटावर स्केचिंगला बसतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी पाणी दाखवायला लाटांच्या रेघा मारत बसायचो आणि दर वेळी चित्र गढूळ व्हायचं, मग हळूहळू लक्षात आलं की ऊन यायच्या आधी पाण्यात रेघ अशी नसतेच, आभाळ आणि पाणी एकाच उजेडाचं असतं आणि काळा राहतो तो फक्त दगड. आपली देवळंही काळ्या बसाल्टची, नारोशंकर बघा ना, शाई म्हणजे त्या दगडाची जातभाईच. तुम्ही पाठवलेल्या चित्राच्या फोटोत शेवटच्या पायरीखाली दोन आडव्या तुटक रेघा आहेत आणि हात तिथेच थांबलाय. तिथून पाणी सुरू होतं. अर्धवट सोडणारा माणूस अशा नेमक्या जागी थांबत नाही हो.

तुम्हाला ते अपुरं वाटलं यात नवल नाही, नाशकात लँडस्केप म्हटलं की शिवाजी तुपे सरांचे वॉटरकलरच डोळ्यासमोर येतात. शाईची वाट वेगळी. 1903 मध्ये ताइकान आणि शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्याला आले, त्यांचं काम बघून गगनेंद्रनाथ टागोर ब्रश आणि शाईकडे वळले, पुढे 1924 ला नंदलाल बोस रवींद्रनाथांबरोबर चीन-जपान फिरून आले आणि त्यांचे विद्यार्थी बिनोदबिहारी मुखर्जीही 1937 च्या सुमारास जपानला गेले. कागद मोकळा ठेवून त्यातून जागा दाखवायची हे नंदलाल आणि बिनोदबिहारींनी तिकडच्या चित्रांत पाहिलं, पण काढलं ते शांतिनिकेतनभोवतीच्या बीरभूमचं उघडं माळरान आणि ताडाची झाडं, म्हणून ती नक्कल वाटत नाही. आणि चित्रकार रामकुमार 1960 ला बनारसला गेले, तिथले घाट त्यांनी शाईतही काढले, एवढं गजबजलेलं गाव पण चित्रांत माणूस जवळजवळ नाहीच. तुमच्या आजोबांच्या घाटावरही कुणी नाहीये. त्यांनी हे सगळं बघितलं होतं का माहीत नाही, पण नजर त्याच वळणाची आहे, मला तरी मनापासून आवडलं.

आता जपायचं कसं. जाड रेघा तिरक्या उजेडात किंचित चमकत असतील तर ती लाखेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक असणार, म्हणजे आपण चायनीज इंक म्हणतो ती, त्यात काजळी असते त्यामुळे काळेपणा उडत नाही. फाउंटन पेनच्या शाईत डाय असतो, ती उन्हाने फिकी पडते. पण ओलं बोट लावून चेक करू नका! तपकिरी डाग ओलीमुळे येतात, ते घरी पुसायला जाऊ नका, कागद खरवडला जातो.

लॅमिनेशन अजिबात नको. माझं एक चित्र फ्रेमवाल्याने न विचारता फेव्हिकॉलने प्लायवर चिकटवलं, ते आता कधीच सुटणार नाही, अजून वाईट वाटतं. फ्रेमवाल्याकडे ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा आम्ल नसलेला पुठ्ठा मागा, काच कागदाला टेकू देऊ नका, आणि पावसाळ्यात ओल येते त्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका. माउंट कापताना खालचा कोरा भाग कमी करू का असं फ्रेमवाले नक्की विचारतील, तेव्हा ठाम नाही म्हणा. आणि मागच्या 1962 चा आधी एक फोटो काढून ठेवा.